काढणीआधी तुळशीला यूव्ही-बी: किती, कधी आणि कसा

पॉलिहाऊसमधली तुळस दिसायला तजेलदार असते. पानं मोठी, मऊ, फुटवाही भरपूर. पण तीच पानं वाळवून तपासायला दिली की उघड्या रानातल्या, जरा खुरट्या दिसणाऱ्या तुळशीपेक्षा फिनॉलिक घटक, म्हणजे झाड स्वतःच्या संरक्षणासाठी बनवतं ते औषधी रेणू, अनेकदा कमी भरतात. जात एक, खत-पाणी सारखं, तरी हा फरक पडतो. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे झाडाच्या डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद. सूर्यप्रकाशातला अतिनील भाग, त्यातही २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्ही-बी, तो कागद बराचसा अडवतो. मग ज्या ताणाला उत्तर म्हणून झाड हे संरक्षक घटक बनवतं, तो ताणच पानापर्यंत पोचत नाही.

हा ताण काढणीआधीच्या आठवड्यात मोजून-मापून परत देता येतो. पुढची पद्धत कुंडीतल्या तुळशीसाठी आहे. वनस्पतिशास्त्राच्या किंवा फार्मसीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ती जशीच्या तशी वापरता येईल. पॉलिहाऊसमध्ये औषधी पाला घेणाऱ्यांनाही त्यातला मुख्य भाग उपयोगी पडेल. ज्यांची तुळस उघड्या रानात आहे त्यांनी मात्र दिव्यांवर पैसे घालू नयेत. स्वच्छ दिवसात उघड्या जमिनीवर पडणारा यूव्ही-बी इथे सांगितलेल्या दिव्याच्या मात्रेच्या कित्येक पट असतो, त्यामुळे वरून दिलेली भर त्यात कुठल्या कुठे जाते.

पान काय करतं

२०११ साली अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावरच्या संशोधनातून स्पष्ट झालं की यूव्हीआर८ नावाचं प्रथिन यूव्ही-बी ओळखतं. अंधारात हे प्रथिन जोडीने असतं. त्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने किरण शोषले की जोडी सुटते आणि सुटं झालेलं प्रथिन पुढे निरोप देतं. त्या निरोपावर कॅल्कोन सिंथेजसारखी विकरं बनवणारी जनुकं चालू होतात. फिनाइलअॅलॅनिन या अमिनो आम्लापासून सुरू होणारी वाट वेग घेते आणि पानाच्या वरच्या त्वचेत फ्लॅव्होनॉइड, म्हणजे फिनॉलिकांतलाच एक गट, साठू लागतात. ते किरण गाळतात, आतल्या हरितलवकांना झळ कमी लागते. तुळशीतलं युजेनॉल (तेलातला लवंगेसारख्या वासाचा घटक) आणि रोझमॅरिनिक आम्ल (एक फिनॉलिक) याच वाटेवरच्या फाट्यांवर तयार होतात, म्हणूनच हा प्रयोग तुळशीवर करण्यात अर्थ आहे. तुळशीच्याच कुळातल्या बेसिलमध्ये, म्हणजे सब्ज्याच्या झाडात, असंही आढळलं आहे की यूव्ही-बी न मिळालेल्या पानांवरच्या तेलग्रंथी नीट भरत नाहीत.

मात्रा वाढत गेली की गोष्ट बदलते. डीएनएत बिघाड होतो, पेशीत ऑक्सिजनचे दाहक रेणू वाढतात, प्रकाशसंश्लेषण मंदावतं. याही अवस्थेत फिनॉलिकची टक्केवारी वाढलेली दिसू शकते, पण तोवर झाडाची वाढ खुंटलेली असते. निरोप पोचावा आणि इजा होऊ नये, एवढ्याच मापाचा प्रकाश द्यायचा आहे.

डीएनएतला हा बिघाड झाड दुरुस्त करू शकतं. फोटोलायेज नावाचं विकर ते काम करतं, पण त्याला निळा प्रकाश किंवा यूव्ही-ए लागतो. म्हणून यूव्ही-बी नेहमी भरपूर दृश्य प्रकाश चालू असतानाच द्यावा. संध्याकाळी वीज स्वस्त किंवा वेळ मोकळा म्हणून अंधारात दिवे लावले, तर दिवसा सहज सोसणारी मात्रासुद्धा पानं तांबूस करून टाकते. भुरी रोगाविरुद्ध रात्री यूव्ही वापरण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते, कारण अंधारात बुरशीलाही दुरुस्ती करता येत नाही. आपलं उद्दिष्ट वेगळं आहे, ती वेळ उसनी घेऊ नये.

ट्यूब कोणती घ्यावी

सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. दुकानात ‘यूव्ही ट्यूब’ मागितली की बहुतेक वेळा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली २५४ नॅनोमीटरची ट्यूब हातात पडते. ती यूव्ही-सी. जमिनीवरच्या सूर्यप्रकाशात हा भाग नसतोच, कारण ओझोनचा थर तो गाळून टाकतो. त्याने पानं करपतात आणि माणसाच्या डोळ्यांनाही गंभीर इजा होते. दुसरी मिळते ती जांभळट उजेडाची ३६५ नॅनोमीटरची, नोटा तपासायच्या यंत्रात असते ती. ती यूव्ही-ए असल्याने यूव्हीआर८ला तिचा फारसा उपयोग नाही.

आपल्याला हवी ती कोड आणि सोरायसिसच्या उपचारात वापरतात ती ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड ट्यूब. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रेत्यांकडे ती ‘०१’ या खुणेने मिळते, उदाहरणार्थ टीएल २० वॅट/०१. तिचा जवळजवळ सगळा उजेड ३०५ ते ३१५च्या पट्ट्यात असतो, त्यामुळे यूव्ही-सी गाळायला वेगळा पडदा लागत नाही. ‘१२’ खुणेच्या जुन्या ब्रॉडबँड ट्यूबही चालतात, पण त्यांच्यातून २८०च्या खालचा थोडा भाग निघतो. त्यांच्याखाली ०.१३ मिलिमीटर जाडीचा सेल्युलोज डायअॅसिटेटचा कागद लावावाच लागतो. हा कागद यूव्हीनेच पिवळट आणि ठिसूळ होतो, वेळच्या वेळी बदलावा लागतो. नवख्यांनी ३११चीच ट्यूब घ्यावी.

लागणारं सामान असं:

– २० वॅटच्या, दोन फुटी, ३११ नॅनोमीटरच्या दोन ट्यूब, चोक-स्टार्टर किंवा इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसह पट्टी
– वरखाली करता येईल अशी साखळी आणि लोखंडी किंवा पीव्हीसी चौकट
– टायमर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), कारण पॉलिहाऊसमध्ये दमटपणा असतो
– यूव्ही-बी मीटर
– ओएचपीसाठी (ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी) येणाऱ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक शीट
– पॉलिकार्बोनेटचा चेहरा झाकणारा फेसशील्ड, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, हातमोजे

मीटर घेताना त्याच्या माहितीपत्रकात पट्टा बघा. स्वस्त मीटर यूव्ही-ए आणि यूव्ही-बी एकत्र मोजतात. उन्हात यूव्ही-एचं प्रमाण कितीतरी जास्त असल्याने अशा मीटरवर आलेला आकडा यूव्ही-बीचा म्हणून लिहिला, तर पुढचं सगळं गणित चुकतं. २८० ते ३१५ किंवा ३२० एवढाच पट्टा मोजणारं मीटर हवं. विकत परवडत नसेल तर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात किंवा फोटोथेरपी करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. एकदा नीट मोजून ट्यूबची उंची पक्की केली की रोज मीटर लागत नाही.

सुरक्षेबद्दल एकच सांगणं, पण ते पाळाच. या उजेडाची झळ त्या क्षणी जाणवत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं काही तासांनी सुरू होतं आणि कातडी संध्याकाळी लाल पडते. ट्यूब चालू असताना कुंड्या हलवू नका, पाणी घालू नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणून खाली वाकू नका. ट्यूब लागली की ओझोनचा तिखट वास आला, तर ती ३११ची नाही. लगेच बंद करा.

झाडं तयार करणं

लखनौच्या सीमॅप या संस्थेची ‘सिम-आयु’ ही युजेनॉल जास्त असलेली तुळशीची जात आहे. ती मिळाली तर उत्तम. नाहीतर एकाच झाडाचं बी घेऊन राम तुळशीची रोपं करा. कृष्ण तुळशीच्या पानांत अँथोसायनिन हे जांभळट रंगद्रव्य मुळातच असतं आणि ते दर झाडाला कमी-जास्त असतं, त्यामुळे रंगावरून यूव्हीचा परिणाम वाचणं कठीण जातं. पहिल्या प्रयोगाला हिरवी जातच बरी.

बी फार बारीक असतं. ट्रेमध्ये वरवर पेरून कोकोपीटचा अगदी पातळ थर द्या. सहा आठवड्यांची रोपं ८ इंची कुंडीत लावा. माती, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत समप्रमाणात. नत्र जपून द्या. युरिया जास्त झाला की झाडं पाला वाढवण्याकडे वळतात, फिनॉलिक कमी भरतात आणि यूव्हीचा परिणाम झाकला जातो. फवारणी करायची असेल तर उपचाराच्या किमान दोन आठवडे आधी आटपा, कारण पानावरचा औषधाचा थर किरण अडवतो.

कुंडीत आल्यावर चार-पाच आठवड्यांनी, मंजिऱ्या दिसायला लागण्याआधी, झाडं उपचारासाठी तयार होतात. दाट झालेल्या फांद्या थोड्या विरळ करा. यूव्ही-बी पानांच्या गर्दीतून खाली उतरत नाही. वरची दोन-तीन पानं तो शोषून घेतात आणि खालच्या पाल्याला काहीच मिळत नाही. मग सगळा पाला एकत्र दळून तपासला की परिणाम निम्मा दिसतो.

महाराष्ट्रात हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये पॉलिहाऊसमधलं तापमान इतकं चढतं की पानांत जे घडलं ते उष्णतेमुळे की यूव्हीमुळे हे सांगता येत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे दृश्य प्रकाश रोज बदलतो आणि झाडाची दुरुस्तीची क्षमताही त्याबरोबर वरखाली होते.

मात्रा ठरवणं

दिवे झाडाच्या शेंड्यापासून साधारण ८० सेंटिमीटरवर टांगून सुरुवात करा. ट्यूब नवी असेल तर आधी १०० तास जाळून घ्या, सुरुवातीला तिचा उजेड स्थिर नसतो. रोजसुद्धा चालू केल्यावर दहा मिनिटं गरम होऊ द्या, मगच मोजा. मीटरचा डोळा शेंड्याच्या उंचीवर, वर तोंड करून धरा. पट्टीखाली मध्यभागी, चार कोपऱ्यांत आणि कडांवर अशी नऊ ठिकाणी नोंद घ्या. ०.५ वॅट प्रति चौरस मीटर हा आकडा गाठायचा आहे. मीटर मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असेल तर तोच आकडा ५० दिसेल. कडेचा आकडा मधल्यापेक्षा एक पंचमांशाहून जास्त घटत असेल तर त्या जागी कुंडी ठेवू नका.

आता गणित सोपं आहे. ०.५ वॅट गुणिले ३,६०० सेकंद म्हणजे तासाला १.८ किलोज्यूल प्रति चौरस मीटर. दोन तासांना ३.६, चार तासांना ७.२.

शोधनिबंधांतले आकडे मात्र थेट उचलू नका. तिथे अनेकदा ‘जैविकदृष्ट्या परिणामकारक’ मात्रा दिलेली असते. म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला ती झाडाला किती झोंबते त्यानुसार वजन देऊन काढलेली. कॅल्डवेल या संशोधकाच्या ज्या वजनपट्टीवर ही मात्रा काढतात, तिच्यात ३०० नॅनोमीटरला पूर्ण वजन आहे आणि ३१३च्या जवळ ते जवळपास शून्यावर येतं. ब्रॉडबँड ट्यूबचे वजनी ७ किलोज्यूल आणि आपल्या ३११च्या ट्यूबचे साधे ७ किलोज्यूल ही दोन वेगळी मापं आहेत. निबंध लिहिताना ट्यूब कोणती, मीटर कोणतं, वजन दिलं की नाही, हे तिन्ही नमूद करा. एवढं नसेल तर तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला परत करता येत नाही.

म्हणून आधी शिडी लावा. दर पायरीला तीन कुंड्या घेऊन रोज ०, १.८, ३.६ आणि ७.२ किलोज्यूल असे चार दिवस द्या आणि पानं निरखा. सोसलेली पानं थोडी जाड, गडद आणि किंचित चकचकीत होतात, पेरं आखूड पडतात. एवढं ठीक आहे. पानाच्या वरच्या बाजूला तांब्यासारखी झाक आली, कडा वर वळून द्रोण झाला किंवा शिरांच्या मधे फिकट ठिपके पडले, तर ती पायरी जास्त झाली. तिच्या खालची पायरी तुमची. काहीच बदल दिसला नाही तरी लगेच मात्रा वाढवू नका. पानाची रासायनिक तपासणी आधी करा, कारण फ्लॅव्होनॉइड डोळ्यांना दिसत नाहीत.

सर्वसाधारण झाडांना ३.६ किलोज्यूलची पायरी मानवली, असं धरून आठवड्याचं वेळापत्रक असं:

पहिला दिवस अर्धा तास, दुसरा दिवस एक तास, तिसरा ते सहावा दिवस रोज दोन तास, सातव्या दिवशी दिवे बंद, आठव्या दिवशी सकाळी काढणी. वेळ रोज ११ ते १ची. एकूण मात्रा १७.१ किलोज्यूल होते.

पहिले दोन दिवस कमी ठेवण्याचं कारण म्हणजे झाडाला पडदा विणायला वेळ लागतो. जनुकं काही तासांत चालू होतात, पण पानात पुरेसे फ्लॅव्होनॉइड साठायला दिवस-दोन दिवस जातात. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली की कोवळा शेंडा भाजतो. शेवटचा मोकळा दिवसही याच कारणासाठी आहे. दिवे बंद झाल्यावरही साठवण चालू असते आणि तेवढ्यात दुरुस्तीही होऊन जाते.

भारनियमनामुळे टायमर मागे पडतो. ‘दोन तास दिले’ असं गृहीत न धरता ट्यूब प्रत्यक्ष किती वेळ जळली ते लिहा. झाडं आठवड्यात दोन-तीन सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दर दोन दिवसांनी शेंड्यापासूनची उंची मोजून साखळी वर घ्या. पाणी सकाळीच बुंध्याशी द्या, उपचाराच्या वेळी पानं कोरडी हवीत.

तुलनेचा गट नसेल तर काहीच कळत नाही

तीन गट हवेत. पहिल्यावर ट्यूब आणि मधे काही नाही. दुसऱ्यावर तशीच ट्यूब, पण खाली पॉलिएस्टरची शीट. ती सुमारे ३१५च्या खालचं सगळं अडवते, म्हणजे ट्यूबची सावली, उष्णता आणि दृश्य उजेड सारखा राहतो, फक्त यूव्ही-बी जातो. तिसऱ्यावर नुसती पट्टी, बंद. दुसरा आणि तिसरा गट सारखे निघाले तर फरक यूव्ही-बीचाच आहे असं ठामपणे म्हणता येतं. ओएचपी शीट घेताना सावध राहा, काही शीट पॉलिएस्टरच्या नसून अॅसिटेटच्या असतात आणि त्यातून यूव्ही-बी आरपार जातो. मीटरच्या डोळ्यावर धरा. आकडा शून्याजवळ आला तरच ती शीट कामाची.

दर गटात किमान सहा कुंड्या, रोज जागा बदलून. पण एका ट्यूबखालच्या सहा कुंड्या म्हणजे सहा स्वतंत्र प्रयोग नव्हेत. त्या सगळ्यांना तीच ट्यूब, तोच कोपरा मिळालेला असतो. संपूर्ण प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यांत तीन वेळा करा, ट्यूबच्या जागा आलटून-पालटून. संख्याशास्त्रात आवृत्ती म्हणून हेच तीन धरायचे. परीक्षकांना ही चूक सापडली की बाकीचं चांगलं कामसुद्धा बाजूला पडतं.

पानं घेणं आणि तपासणं

सगळ्या गटांची पानं एकाच वेळी, सकाळी नऊच्या आत तोडा. तपासणीसाठी शेंड्याकडून तिसरी आणि चौथी जोडी घ्या. कोवळ्या पानांत फिनॉलिक मुळातच जास्त असतात, त्यामुळे एका गटातून शेंडे आणि दुसऱ्यातून जून पानं आली तर यूव्ही नसतानाही फरक निघतो. उरलेला सगळा पाला तोडून वेगळा तोला, तो हिशेबासाठी लागणार आहे.

वाळवण सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या आत, वजन थांबेपर्यंत. निकाल नेहमी वाळक्या वजनावर मांडा. यूव्ही मिळालेलं पान जाड असतं आणि त्यात पाणी कमी असू शकतं. ओल्या वजनावर हिशेब केला की घटक वाढले नसतानाही वाढल्यासारखे दिसतात.

एकूण फिनॉलिकसाठी फॉलिन-सिओकाल्टो पद्धत:

१. १०० मिलिग्रॅम चाळलेली पूड १० मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉलमध्ये अंधारात दोन तास हलवा. ५,००० आरपीएमवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रावण काढून घ्या, चोथ्यावर पुन्हा १० मिलिलिटर घालून तेच करा. दोन्ही एकत्र करून २५ मिलिलिटर करा.

२. हे द्रावण बहुधा चारपट सौम्य करावं लागतं. त्यातलं ०.५ मिलिलिटर घ्या, त्यात दहापट सौम्य केलेला फॉलिन अभिकर्मक २.५ मिलिलिटर घाला. पाच मिनिटं थांबून मग ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर घाला. क्रम उलटा करू नका, अल्कधर्मी द्रावणात फॉलिन टिकत नाही.

३. अर्धा तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरला शोषण वाचा. गॅलिक आम्लाची २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी प्रमाण द्रावणं त्याच दिवशी, त्याच अभिकर्मकाने करा.

समजा आलेखावरून ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. गुणिले ४ गुणिले २५ म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ५ मिलिग्रॅम. हे ०.१ ग्रॅम पुडीतलं, म्हणून ग्रॅमला ५० मिलिग्रॅम गॅलिक आम्ल इतकं. या पद्धतीत क जीवनसत्त्व आणि क्षपणक शर्कराही निळा रंग देतात, म्हणून हा आकडा तुलनेसाठी वापरावा. युजेनॉल किंवा रोझमॅरिनिक आम्ल नेमकं किती वाढलं हे सांगायचं तर अनुक्रमे जीसी आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवरच्या तपासण्याच कराव्या लागतात. फॉलिनच्या आकड्यावरून ‘युजेनॉल वाढलं’ असं लिहिणं चूक आहे.

रोजच्या रोज झटपट अंदाज हवा असेल तर एक सेंटिमीटर व्यासाच्या पाच चकत्या पानातून पाडा आणि मिथेनॉल, पाणी, हायड्रोक्लोरिक आम्ल ७९:२०:१ या प्रमाणात केलेल्या १० मिलिलिटर द्रावणात फ्रीजमध्ये अंधारात २४ तास ठेवा. ३०५ नॅनोमीटरचं शोषण म्हणजे पानातल्या यूव्ही गाळणाऱ्या घटकांचा अंदाज. हे वाचायला क्वार्ट्झची क्युव्हेट, म्हणजे द्रावण धरायची छोटी चौकोनी नळी, लागते. नेहमीची प्लास्टिकची किंवा काचेची क्युव्हेट स्वतःच ३०५ला शोषते आणि सगळ्या नमुन्यांचे आकडे फुगवते. त्याच द्रावणात ५३०च्या शोषणातून ६५७च्या शोषणाचा पाव भाग वजा केला की अँथोसायनिनचा अंदाज येतो.

तेल काढायचं तर क्लेव्हेंजरमध्ये (पानं पाण्यात उकळून तेल वेगळं करायच्या काचेच्या उपकरणात) किमान १०० ग्रॅम पानं तीन तास चालवा. युजेनॉल पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते जास्त असलेलं तेल नळीत नीट तरंगत नाही आणि आकडा कमी वाचला जातो. मोजून थोडं झायलिन आधीच घालून ते नंतर वजा करतात.

शेवटचा हिशेब झाडागणिक

टक्केवारी वाढली म्हणजे फायदा झाला असं नाही. उदाहरण घ्या. साध्या झाडाचा वाळका पाला १२ ग्रॅम आणि फिनॉलिक ग्रॅमला ४० मिलिग्रॅम, तर झाडाला ४८० मिलिग्रॅम. मध्यम मात्रेत पाला ११ ग्रॅम, फिनॉलिक ५०, एकूण ५५०. जास्त मात्रेत फिनॉलिक ५५ पर्यंत गेलं, पण पाला ८ ग्रॅमच, एकूण ४४०. जास्त मात्रेचा गट टक्केवारीत पहिला येतो आणि झाडागणिक शेवटचा. पाला किलोवर विकणाऱ्याला तर त्याचा सरळ तोटाच आहे. म्हणून पाल्याचं वजन, टक्केवारी आणि झाडागणिक एकूण, हे तिन्ही रकाने शेजारी-शेजारी ठेवूनच मात्रा निवडा.

दिव्यांशिवाय

पॉलिहाऊसवाल्यांसाठी ही खरी परवडणारी वाट आहे. आधी आपला कागद काय करतो ते तपासा. ‘यूव्ही स्टॅबिलाइझ्ड’ म्हणजे कागद उन्हात लवकर फाटत नाही, एवढंच. तो यूव्ही किती अडवतो हे त्यावरून कळत नाही. ‘यूव्ही ब्लॉकिंग’ हा वेगळा प्रकार आहे. गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडू नयेत आणि पांढरी माशी, फुलकिडे कमी व्हावेत म्हणून तो वापरतात. मीटर आधी बाहेर आणि मग आत धरला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

यूव्ही-बी अडत असेल तर काढणीआधी आठ-दहा दिवस कुंड्या बाहेर काढा. पहिले दोन दिवस सकाळी साडेनऊपर्यंतच ऊन, पुढचे दोन दिवस अकरापर्यंत, मग ५० टक्के शेडनेटखाली दिवसभर, शेवटचे तीन दिवस उघड्यावर. थेट भर उन्हात ठेवली तर वरच्या पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. असे चट्टे पडलेला पाला विकला जात नाही. जमिनीत लावलेली तुळस असेल तर बाजूचे आणि वरचे पडदे उघडून हेच टप्प्याटप्प्याने करा.

ज्यांच्याकडे ट्यूब घ्यायला निधी नाही अशा महाविद्यालयांनी उन्हातच दोन चौकटी उभ्या कराव्यात. एकीवर पॉलिएस्टरची शीट, दुसरीवर साधा, पातळ, बिनस्टॅबिलायझरचा पॉलिथिनचा कागद. दोन्ही बाजूंनी उघड्या, म्हणजे हवा खेळती राहील. दृश्य प्रकाश जवळपास सारखा, फरक यूव्ही-बीचा. हा प्रयोग दिव्यांपेक्षा खऱ्या शेताच्या जास्त जवळ जातो.

इतर वनस्पतींना हेच वेळापत्रक लावू नका. अश्वगंधेचं औषध मुख्यतः मुळात. पानांवर पडलेल्या किरणांचा परिणाम मुळापर्यंत पोचेलच असं नाही, तेव्हा मूळ आणि पान वेगळं तपासा. सदाफुलीतली अल्कलॉइडं फिनॉलिकच्या वाटेवरची नाहीत आणि ती विषारी आहेत, तिथे पानं हाताळतानाच काळजी हवी. प्रत्येक नव्या वनस्पतीला मात्रेची शिडी पुन्हा पहिल्यापासून.

ट्यूबचा उजेड वापराबरोबर कमी होत जातो. दर महिन्याला मीटरने मोजून ती खाली घ्या किंवा वेळ वाढवा. उजेड सुरुवातीच्या दोन-तृतीयांशावर आला की बदला. जुनी ट्यूब फोडू नका, तिच्यात पारा असतो. ज्या खोक्यात नवी आली त्यातच घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.